नदीला पाणी किती?

पाली, तालुका राजगड (पूर्वीचा वेल्हे), येथून एका गुरुजींचे पत्र आले आहे. पाली म्हटले की आमच्या निम्म्या वाचकांचे हात आपोआप जोडले जातील, म्हणून आधीच सांगून टाकतो. ही बल्लाळेश्वराची पाली नव्हे. ती रायगड जिल्ह्यात. ही पुणे जिल्ह्यातली, राजगडाच्या पायथ्याची. गडाच्या पाली दरवाजाला नाव मिळाले ते हिच्यावरून. गडावर हौसेने चढणाऱ्या मंडळींना दरवाजा ठाऊक असतो, पायऱ्या ठाऊक असतात, गाव मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. असो.

गुरुजी राहतात पालीत आणि शिकवतात जवळच्याच एका गावी. शाळेला कोणा दात्याकडून चार-पाच जुने संगणक मिळाले. त्यांवर लिनक्स घातलेले. मेमरी दोन जीबी. मुले वाढली, काम वाढले, तेव्हा गुरुजींनी वर्गणी काढून एका यंत्राची मेमरी दोनाची चार केली. आणि काय चमत्कार! जे यंत्र दोन मिनिटांत जागे व्हायचे, ते पाव तास डोळेच उघडीना. अक्षर टंकले की पडद्यावर उमटायला ते वाट पाहायला लावी. दुरुस्तीवाला म्हणाला, नवी मेमरी खराब. ती दुसऱ्या यंत्रात घालून पाहिली, तर ठणठणीत. पुढे एका माजी विद्यार्थ्याने लिनक्सची नवी आवृत्ती घातली. यंत्र पळू लागले. पण आता मेमरीच्या आकड्यात २५६ एमबीची तूट दिसते, आणि सुरू होताना पडद्यावर 'बायॉसची चूक, इतकी मेमरी गमावत आहोत' अशा अर्थाची एक ओळ झरकन येऊन जाते. गुरुजी विचारतात, "खुराक वाढवला तर जनावर आजारी का पडले? आणि बरे झाले ते खुराकातला घास टाकून दिल्यावर, हे कसे?"

एरवी या सदराला एक पान मिळते. दिवाळी अंकात संपादक जरा सैल हाताने जागा देतात, म्हणून हे पत्र आम्ही मुद्दाम राखून ठेवले होते. प्रश्न साधा दिसतो, पण त्याची मुळे खोलवर जातात.

भोर-वेल्ह्याकडच्या घरात वर्षाचे धान्य कणगीत असते. पण भात शिजवायच्या वेळी कोणी प्रत्येक मुठीला उठून कणगीकडे जात नाही. चुलीजवळ एक डबा असतो. त्यात दोन-चार दिवसांचे तांदूळ काढून ठेवलेले असतात. हात लांबवला की मिळतात. संगणकातही अगदी हेच आहे. मेमरी ही कणगी. प्रोसेसर हा स्वयंपाक करणारा. आणि प्रोसेसरच्या अंगातच एक छोटासा डबा बसवलेला असतो, त्याला 'कॅश' म्हणतात. रोकड नव्हे, हा शब्द फ्रेंच, अर्थ लपवून ठेवण्याची जागा. मूळ अर्थाने पाहिले तर आपला 'पेव' हा शब्द त्याच्या जवळचा. पण पेव खोल आणि खंडीचे, हा तर मूठभर. आजच्या प्रोसेसरला डब्यातली वस्तू चार-पाच ठोक्यांत मिळते. कणगीपर्यंत जाऊन यायचे तर दोनशेहून अधिक ठोके खर्ची पडतात. म्हणून तो एक दाणा मागितला तरी एकदम ६४ बाइटांचे माप भरून आणतो, कारण शेजारचा दाणा पुढच्याच क्षणी लागणार हे त्याला अनुभवाने माहीत झालेले असते.

ही युक्ती पहिल्यापासून नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेल्या 'टिफ्रॅक' या आपल्या देशी गणकयंत्राच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. चुंबकी कड्यांची ती स्मृती. तिला डबा नव्हता आणि गरजही नव्हती, कारण गणित करणाऱ्या नळ्या आणि ती कडी यांची चाल एकमेकांना साजेशी होती. पुढे गणित करणारा भाग घोड्यावर बसला आणि स्मृती बैलगाडीतच राहिली. १९६५ साली केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी एका छोट्याशा लेखात 'गुलाम स्मृती' सुचवली: मोठ्या स्मृतीच्या हाताखाली एक लहान, चपळ स्मृती. १९६८ साली आयबीएमने आपल्या ३६० मालिकेतल्या ८५ क्रमांकाच्या यंत्रात ती आणली, आणि 'कॅश' हे नाव रूढ झाले ते तेव्हापासून. मूळ योजना अशी की हा डबा लपलेलाच असावा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू नये. त्याने तांदूळ मागावेत, ते यावेत, कुठून आले याची त्याने चौकशी करू नये.

योजना उत्तम. पण संसारात सगळेच काही तांदूळ नसतात.

पावसाळ्याचे दिवस आहेत. नदीपलीकडे शेत आहे. घरातला म्हातारा विचारतो,

"आरं, नदीला पानी किती हाय?"

"गुडघाभर, आबा."

"बघून आलास का?"

"सकाळी बघितलं हुतं की!"

सकाळी बघितले होते! वर डोंगरात दुपारी पाऊस कोसळला असेल, तर आता तिथे पुरुषभर पाणी असेल. या पोराच्या शब्दावर कोणी बैल पाण्यात घातले तर बैलही गेले आणि गाडीही गेली. पोरगा खोटे बोललेला नाही. त्याने डब्यातून उत्तर दिले, एवढाच त्याचा गुन्हा. तांदूळ सकाळी होते तसेच दुपारी असतात. नदी तशी नसते.

संगणकाच्या मेमरीत अशा नद्या असतात. पुष्कळ पत्ते असे असतात की त्यांच्यामागे मेमरी नसतेच. तिथे नेटवर्कचे कार्ड बसलेले असते, घड्याळ असते, डिस्क चालवणारी चिप असते. प्रोसेसर त्या पत्त्यावर वाचतो म्हणजे त्या उपकरणाला विचारतो, 'काय, काम झाले का?' पहिल्यांदा उत्तर येते, 'नाही.' ते उत्तर डब्यात जाऊन बसले, तर पुढे काम होऊन गेले तरी प्रोसेसर आपला डब्यातले 'नाही' वाचत जन्मभर वाट पाहत राहील. लिहिण्याचेही तसेच. 'सुरू कर' हा हुकूम डब्यातच पडून राहिला तर उपकरणाला तो पोचणार कसा? म्हणून अशा पत्त्यांच्या बाबतीत प्रोसेसरला कोणीतरी बजावून सांगावे लागते: 'बाबा रे, इथे डबा वापरायचा नाही. दर वेळी नदीवर जाऊन बघून यायचे.'

एवढ्यावर भागले असते तर दोनच प्रकार झाले असते, तांदूळ आणि नदी. पण लिहिण्याच्या पद्धतीत आणखी फाटे आहेत. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या वाचकांना ते चटकन कळतील. एक दुकानदार दिवसभराची देवघेव रोजकिर्दीत टिपतो आणि रात्री निवांतपणे खतावणीत चढवतो. हातावेगळे काम झपाट्याने होते. मात्र संध्याकाळी कोणी येऊन खतावणी उघडली तर तिच्यात कालचाच हिशेब दिसेल. दुसरा दुकानदार भित्रा; तो प्रत्येक रकमेला दोन्ही वह्या काढून बसतो. खतावणी नेहमी अद्ययावत, पण गिऱ्हाईक ताटकळते. प्रोसेसरला या दोन्ही रीती येतात. साध्या मेमरीला पहिली रीत, कारण वेग तिच्यातच आहे.

पहिल्या रीतीतला धोका केव्हा उभा राहतो? डिस्क किंवा नेटवर्क चालवणाऱ्या चिपा हल्ली प्रोसेसरला न विचारता सरळ मेमरीतून माल उचलतात. त्या खतावणी वाचतात, किर्द नव्हे. टेबलावरच्या संगणकात ही अडचण तारांनीच सोडवलेली असते. चिप खतावणीकडे वळली की प्रोसेसरला चाहूल लागते आणि किर्दीतली ताजी रक्कम पुढे केली जाते. पण स्वस्तातल्या, छोट्या प्रोसेसरांत ही सोय पुष्कळदा नसते. तिथे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आठवणीने आधी डबा रिता करून मेमरीत उतरवायचा आणि मग चिपेला हाक मारायची. विसरला तर? शंभरातून नव्याण्णव वेळा काहीही बिघडत नाही, कारण तेवढ्यात किर्द आपोआप खतावणीत चढलेली असते. शंभराव्या वेळी मात्र ताज्या मजकुरात एक शिळा तुकडा घुसतो, नेमका ६४ बाइटांचा किंवा त्याच्या पटीचा. अशा चुका शोधणाऱ्या मंडळींचे केस लवकर पांढरे होतात.

आणखी एक रीत बाजारहाटाची. घरात मीठ संपले की एक फेरी, मिरची संपली की दुसरी, असे कोणी करत नाही. यादी जमते आणि एकाच फेरीत सगळे उरकते. पडद्यावरच्या चित्राला हीच रीत सोयीची. चित्राचे लाखो ठिपके प्रोसेसर नुसते लिहीत सुटतो, परत वाचत जवळजवळ नाहीच. त्यांना डब्यात ठेवून उपयोग नाही आणि एकेक ठिपका स्वतंत्र पाठवणे परवडत नाही. म्हणून प्रोसेसर शेजारशेजारचे ठिपके एका छोट्या पिशवीत गोळा करतो आणि पिशवी भरली की एकदम रवाना करतो. वेग कितीतरी पटींनी वाढतो. खोट एवढीच की पिशव्या कोणत्या क्रमाने पोचतील याची हमी नाही. 'माल पाठवला आहे' ही चिठ्ठी मालाच्या आधी पोचली तर घोटाळा. तेव्हा चिठ्ठी लिहिण्यापूर्वी सगळ्या पिशव्या रवाना करण्याचा वेगळा हुकूम द्यावा लागतो. पाचवाही एक प्रकार आहे, पण त्याची गाठ फार थोड्यांना पडते. तो सोडून देऊ.

आता मुद्द्याचे. कोणता पत्ता तांदूळ आणि कोणता नदी, हे प्रोसेसरला सांगते कोण?

इंटेलचा ४८६ हा प्रोसेसर १९८९ साली आला. त्याच्या पोटात ८ किलोबाइटांचा डबा होता. त्याच्या एका पायाला जोडलेल्या तारेवरून संगणकाचा बोर्ड त्याला इशारा देई की 'हे घे' किंवा 'हे घेऊ नकोस'. म्हणजे निवाडा बोर्ड बनवणाऱ्याने तारांत कायमचा गोठवलेला. शिवाय मेमरीच्या पानांच्या नोंदवहीत दोन बारीक खुणा करण्याची सोय होती. पुढे १९९५ च्या अखेरीस पेंटियम प्रो आला आणि हा कारभार तारांतून निघून प्रोग्रॅमच्या हाती आला. प्रोसेसरमध्ये काही खास खाती ठेवली गेली. त्यांचे नाव लांबलचक आहे. आद्याक्षरांनी त्यांना 'एमटीआरआर' म्हणतात. प्रत्येक खात्यात लिहायचे की अमुक पत्त्यापासून इतकी मेमरी अमुक रीतीची. पहिल्या एक मेगाबाइटासाठी वेगळी बारीक व्यवस्था, आणि उरलेल्या सगळ्या विस्तारासाठी खाती फक्त आठ. यंत्र जागे होते तेव्हा ही खाती बंदच असतात, म्हणजे त्या घटकेला सगळीच मेमरी नदी असते. मग 'बायॉस' नावाचा बोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम मेमरी किती ते मोजतो, खाती भरतो आणि लिनक्स किंवा विंडोज यांना हाक मारतो.

आठ खाती म्हणजे पुष्कळ झाली, असे वाटेल. पण त्यांना एक विचित्र अट आहे. खात्यात लिहायचा विस्तार दुपटीच्याच मापाचा हवा, आणि त्याची सुरुवातही त्याच मापाच्या पटीवर हवी. ज्यांनी मेट्रिकच्या आधीचा बाजार पाहिला आहे त्यांना हे माप ओळखीचे वाटेल: शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. प्रत्येक वजन मागच्याच्या निम्मे, आणि सोळा छटाकांचा शेर. आता पंधरा छटाक साखर तोलायची आहे. वाण्याला चार वजने टाकावी लागतात: अच्छेर, पावशेर, अदपाव आणि छटाक. हुशार वाणी काय करी? एका पारड्यात शेर टाकी आणि साखरेच्या पारड्यात छटाक ठेवी. दोन वजनांत काम झाले. बायॉस लिहिणारेही हेच करतात: सबंध शेर तांदूळ म्हणून लिहायचा आणि त्यातला एक छटाक नदी म्हणून त्यावरच लिहायचा. एकाच पत्त्यावर दोन खात्यांचा तंटा झाला तर नदीचे म्हणणे खरे, असा नियमच आहे. नदीच्या बाबतीत चुकणे महागात पडते, तांदळाच्या बाबतीत चुकले तर नुसता उशीर होतो. त्या दृष्टीने नियम शहाणपणाचा आहे.

आता गुरुजींचे यंत्र. चार जीबी म्हणजे एक शेर धरा; मग २५६ एमबी हा बरोबर एक छटाक. पहिल्या शेरातला सर्वांत वरचा, सोळावा छटाक उपकरणांसाठी राखलेला: पडदा, नेटवर्क वगैरे नद्या तिथे वाहतात. यंत्रात दोनच जीबी होते तेव्हा मेमरी निम्म्या शेरातच संपत होती, तंट्याचे कारण नव्हते. चार जीबी झाल्यावर मेमरी सोळाव्या छटाकापर्यंत पोचली आणि तिथे उपकरणे आधीच ठाण मांडून बसलेली. मग बोर्डाने तो छटाकभर माल उचलला आणि शेराच्या वर, सतराव्या छटाकात नेऊन ठेवला. इथवर सर्व ठीक. बायॉसने पहिले वजन टाकले: पहिला शेर तांदूळ. दुसरे टाकले: सोळावा छटाक नदी. तिसरे टाकायचे राहिले! सतराव्या छटाकाबद्दल कोणी काहीच सांगितले नाही, आणि ज्याच्याबद्दल काही सांगितलेले नाही ते नदी धरायचे, असे बायॉसनेच ठरवून ठेवलेले. म्हणजे चांगल्या मेमरीतला शेवटचा २५६ एमबीचा तुकडा प्रोसेसरच्या लेखी नदी झाला. तिथला प्रत्येक शब्द वाचायला डबा नाही; दर वेळी दोनशे ठोक्यांची पायपीट.

तेवढा एक तुकडा मंद राहिला असता तर कोणाच्या ध्यानातही आले नसते. पण जुने लिनक्स मेमरी वाटायला वरून सुरुवात करते. वरचे घर आधी भरायचे, मग खालचे. त्यामुळे यंत्र जागे होताना जे जे पहिल्यांदा मेमरीत येते ते सगळे नेमके त्या शापित छटाकात जाऊन बसले. घरात डबा आहे, चूल पेटलेली आहे, आणि स्वयंपाकीणबाई प्रत्येक दाण्याला नदीवर चालली आहे! पाव तास लागला यात नवल काय?

हे एकट्या गुरुजींच्या नशिबी आलेले नाही. २००७-०८ च्या सुमारास लोक चार-चार जीबी मेमरी घेऊ लागले तेव्हा जगभर हा अनुभव आला. म्हणून २००८ च्या सुमारास लिनक्समध्ये एक तपासणी आली. जागे होतानाच ते खाती वाचते, मेमरीच्या यादीशी ताडून पाहते, आणि ज्या तुकड्याला कोणत्याही खात्याने तांदूळ म्हटलेले नाही तो तुकडा सरळ टाकून देते. टाकताना पडद्यावर बायॉसच्या नावाने बोट मोडते. गुरुजींना दिसणारी ओळ ती हीच. एक छटाक पडीक टाकला आणि पंधरा छटाक पिकू लागले.

टाकलेला छटाक परत मिळेल का? बोर्ड बनवणाऱ्याने सुधारलेला बायॉस काढला असेल तर मिळेल. तो आधी पाहावा. जुन्या लिनक्सवर आणखी एक रस्ता होता. तिथे 'प्रॉक' नावाच्या खणात 'एमटीआरआर' नावाची एक फाइल असते. ती उघडून वाचली की आठही खात्यांचा उतारा समोर येतो, आणि यंत्राचा मालकीहक्क असणाऱ्याने तिच्यात एक ओळ लिहिली की तिसरे वजन पारड्यात पडते. ओळ लिहिणे सोपे. आत मात्र मोठी धांदल उडते. आजच्या यंत्रात प्रोसेसर एक नसतो, चार-आठ असतात, आणि सगळ्यांची खाती तंतोतंत सारखी असावी लागतात. तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी थांबवायचे, डबे रिकामे करायचे, खाती बदलायची आणि मग एकदम चालू करायचे. गावातल्या सगळ्या गिरण्या एका घंटेवर थांबवून एका घंटेवर सुरू करण्यासारखे ते आहे. आणि यंत्र बंद केले की लिहिलेले पुसले गेले; उद्या पुन्हा लिहा. एवढ्या खटाटोपापेक्षा आमचा गुरुजींना सल्ला असा की छटाक जाऊ द्या. पावणेचार जीबीत शाळेचे काम उत्तम चालेल.

खाती आठच आणि मापे दुपटीचीच, यामुळे दुसराही एक घोटाळा वर्षानुवर्षे चालला. बायॉसनेच सगळी खाती वापरून टाकली तर पडद्यासाठी, त्या बाजारहाटाच्या रीतीसाठी, एकही खाते उरत नसे. महागडे चित्रकार्ड विकत घ्यावे आणि पडद्यावर खिडकी सरकवली तर ती लंगडत यावी! यावर उतारा १९९९ च्या पेंटियम थ्रीबरोबर आला. आता मेमरीच्या प्रत्येक पानाला, म्हणजे दर ४०९६ बाइटांना, नोंदवहीत तीन बारीक खुणा करून स्वतंत्र रीत लावता येऊ लागली. गावाच्या शिवेवर खुंट्या ठोकण्याऐवजी प्रत्येक गटाचा वेगळा सातबारा निघाला म्हणा ना.

सातबारा म्हटले की तंटा आलाच. एकाच जमिनीचे दोन सातबारे निघाले तर काय होते हे पुणे जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. मेमरीच्या एकाच पानाला दोन प्रोग्रॅम दोन वेगळ्या पत्त्यांवरून पाहू शकतात. एकाच्या नोंदीत ते तांदूळ आणि दुसऱ्याच्या नोंदीत नदी असेल, तर कोणाला काय दिसेल याची हमी कोणी देत नाही. प्रोसेसर बनवणारेच आपल्या पुस्तकात बजावतात की असे करू नका. म्हणून लिनक्सने २००८ मध्ये ही सोय पुरती अंगीकारली तेव्हा आधी एक तलाठी नेमला. कोणते पान कोणी कोणत्या रीतीने मागितले याची तो नोंद ठेवतो, आणि दुसरा कोणी वेगळ्या रीतीने मागू लागला तर त्याला वाटेला लावतो किंवा पहिल्याचीच रीत त्याच्या गळ्यात घालतो. लाच घेत नाही, एवढाच काय तो फरक.

डबा रिकामा करण्याची एक छोटी सूचना पेंटियम फोरपासून कोणत्याही साध्या प्रोग्रॅमला, विशेष परवानगीशिवाय, वापरता येते. सोयीसाठी दिलेल्या या किल्लीने पुढे बराच त्रास दिला. २०१४ साली कार्नेगी मेलनच्या आणि इंटेलच्या संशोधकांनी दाखवून दिले की डबा दर वेळी रिता करून मेमरीच्या एकाच रांगेवर लाखो वेळा घाव घातले, तर शेजारच्या रांगेतले बिट आपोआप उलटतात. आणि जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाऊन'चा गाजावाजा झाला, त्याच्या मुळाशीही डबाच होता. आजीने जिन्नस चटकन दिला तर तो डब्यात होता, उशिरा दिला तर नव्हता. एवढ्या वेळेच्या फरकावरून घरात काय शिजले ते चोराला कळते. ती हकीकत मोठी आहे. पुन्हा केव्हा तरी.

आम्हाला अधिक ओढ आहे ती याच विषयाच्या पुण्यातल्या पानाची. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याला हवे तेवढे मोठे क्रे यंत्र अमेरिकेकडून मिळेना. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. त्याची सूत्रे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या विजय भटकर यांच्याकडे आली. तीन वर्षांत, १९९१ साली, 'परम ८०००' उभा राहिला. एक महाबली प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून केलेले ते यंत्र. त्यातला प्रोसेसर ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा, टी-८०० ट्रान्सप्यूटर. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने गंमत अशी की त्याला लपलेला डबा नव्हताच! त्याच्या अंगात ४ किलोबाइटांची चपळ मेमरी होती, पण ती उघडी. तिच्यात काय ठेवायचे आणि काय बाहेरच्या मेमरीत टाकायचे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आणि त्याच्या हत्यारांनी ठरवायचे. डबा आहे, पण तो भरणारी आजी नाही. ज्याने आपल्या गणिताचा आतला गाभा ओळखून तेवढाच त्या चार किलोबाइटांत बसवला त्याचे काम भराभर उरके.

पुढच्या 'परम ८६००' मध्ये १९९२ च्या सुमारास इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर जोडीला आला. हा प्राणी वेगळा. ४० मेगाहर्ट्झच्या वेगाला सेकंदाला आठ कोटी दशांशी गणिते, असा त्याचा कागदावरचा लौकिक. प्रत्यक्षात त्याच्याकडून तेवढे काम करवून घेणारा विरळा. त्याच्यात आकड्यांसाठी ८ किलोबाइटांचा डबा होता, आणि पहिल्या आवृत्तीत, दुसऱ्या कोणी मेमरीत बदल केला तर त्याची चाहूल घेण्याची सोय नव्हती. तेव्हा दोघे मिळून एक मेमरी वापरणार असतील तर किर्द-खतावणीचा सगळा मेळ प्रोग्रॅमनेच राखायचा.

पण त्याच्याकडे एक सुरेख सूचना होती. मोठमोठ्या गणितांत आकड्यांच्या लांबच लांब रांगा असतात. प्रत्येक आकडा एकदाच लागतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. अशी रांग आठ किलोबाइटांच्या डब्यातून गेली तर डब्यात जपून ठेवलेले, पुन्हा पुन्हा लागणारे आकडे बाहेर फेकले जातात. लग्नघरी वऱ्हाड आले म्हणजे कोणी पाचशे पाने माजघरात मांडत नाही; ओसरीवर, मांडवात पंगती उठतात आणि माजघर घरच्यांना राहते. आय-८६० ची ती सूचना हेच करी. आकडा मेमरीतून उचलायचा, डब्याला न शिवता सरळ गणिताच्या हाती द्यायचा. त्यातही आज मागितलेला आकडा तिसऱ्या मागणीला हाती पडे, म्हणजे लिहिणाऱ्याने तीन पावले पुढचे पाहूनच मागणी नोंदवायची. वाढपी पंगतीत पुढे पाहत चालतो, तसे.

आय-८६० फार दिवस टिकला नाही. सी-डॅकनेही १९९४ च्या 'परम ९०००' मध्ये दुसरा प्रोसेसर घेतला. पण वऱ्हाड मांडवात जेवू घालण्याची ती रीत इंटेलच्याच पेंटियम थ्रीमध्ये १९९९ साली पुन्हा अवतरली, या वेळी लिहिण्याच्या बाजूने: डबा न विटाळता सरळ मेमरीत लिहिणारी सूचना. आज लिनक्समध्ये मोठा मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवणारे जे नेहमीचे फंक्शन आहे, ते तुकडा एका मर्यादेपलीकडे मोठा दिसला की आपण होऊन हीच सूचना वापरते. गुरुजींच्या शाळेतल्या यंत्रावरही ते बसलेले आहे, आणि एखाद्या मुलाने मोठी फाइल उघडली की चालतही असेल.